नॅरोबोटीवर पाच दिवस: किती मैल, किती लॉक आणि काय सांभाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुढच्या मे महिन्यात तुम्ही पुण्याहून मुलाकडे बर्मिंगहॅमला येणार आहात. तुम्ही दोघं साठी ओलांडलेले, मुलगा-सून आणि नऊ व बारा वर्षांच्या दोन नाती. सत्तावन्न फुटी नॅरोबोट (इथल्या कालव्यांवरची लांब, अरुंद, राहण्याची सोय असलेली बोट) पाच दिवस भाड्याने घेऊन 'फोर काउंटीज रिंग' हा कालव्यांचा पूर्ण फेरा करायचा विचार आहे. याआधी कुणीच बोट चालवलेली नाही. जमेल का, ताकद किती लागते, आणि मुलींना धोका आहे का?

फेरा पाच दिवसांत जमणार नाही. बोटीवर पाच दिवस आनंदात राहणं मात्र तुम्हाला नक्की जमेल. मी स्टॅफर्डशरमध्ये राहतो, एका नॅरोबोटीत माझा चौथा हिस्सा आहे आणि उन्हाळ्यातले काही दिवस स्वयंसेवक लॉककीपर म्हणून लॉकवर, म्हणजे बोटीला वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदावर, उभा असतो. पण याच फेऱ्यावरच्या आमच्या पहिल्या सहलीत घाईपायी जे जे झालं, त्याने मला सर्वांत जास्त शिकवलं. म्हणून तेच जरा सविस्तर सांगतो.

आधी हिशेब. या फेऱ्यात 110 मैल आणि 94 लॉक आहेत. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी 4 मैल असली, तरी प्रत्यक्षात बोट ताशी 3 मैलांनीच जाते. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहून हळू जावं लागतं, नाहीतर त्यांच्या दोऱ्या ताणल्या जातात आणि आत चहा सांडतो. बोटवाले एक लॉक म्हणजे एक मैल धरतात, दोन्हींची बेरीज करतात आणि तीनने भागतात. 110 अधिक 94 म्हणजे 204, भागिले तीन, 68 तास. पाच दिवसांत रोज साडेतेरा तास. मे महिन्यात इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो हे खरं, पण पाणी भरणं, टॉयलेटची टाकी रिकामी करणं, वाणसामान, जेवण आणि लॉकपुढची रांग या हिशेबात कुठेच नाही. भाड्याची बोट अंधारात चालवायची नसते. अनुभवी माणसंसुद्धा या फेऱ्याला आठवडा घेतात, आणि तो आठवडाही भरगच्च जातो.

आमच्याकडे सात दिवस होते. आम्ही सहा जण: मी, पत्नी, मेहुणा आणि त्याची बायको, आमचा मुलगा आणि त्यांची मुलगी. मुलगा तेव्हा चौदाचा, भाची पंधराची. कागदावर रोज दहा तास येत होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एखादा दिवस गेलाच तर भरून कुठे काढायचा, हा विचार कुणीच केला नव्हता.

स्टॅफर्डशरमधल्या ग्रेट हेवुडहून निघून आम्ही ट्रेंट अँड मर्सी कालव्याने उत्तरेला लागलो. पहिल्या दिवशी टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हातात बसायलाच तीन तास गेले. टिलर डावीकडे ढकलला की बोटीचं तोंड उजवीकडे जातं, एवढं पटकन कळतं. कळत नाही ते हे, की बोट गाडीसारखी पुढच्या चाकांवर वळत नाही. ती साधारण मध्यावर फिरते. तोंड उजवीकडे वळलं की मागचा भाग डावीकडे फेकला जातो आणि तिथे काठ असतो, झाड असतं किंवा कुणाची तरी बोट असते. परिणामही उशिरा दिसतो. ढकललं, काहीच होईना, म्हणून आणखी ढकललं, की बोट समोरच्या लव्हाळ्यात शिरलीच. थोडं ढकला, वाट पाहा, मग पुन्हा थोडं. मागे घेताना सुकाणूचा जवळजवळ काही उपयोग होत नाही. आणि समोरून बोट आली तर आपण उजवीकडे जायचं. इथल्या रस्त्यांवर सगळं डावीकडून चालतं, म्हणून तुमच्या मुलाचा हात सवयीने चुकेल. त्याला आधीच सांगून ठेवा.

पहिली रात्र आम्ही सँडनच्या अलीकडे मऊ गवताळ काठावर काढली. दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या, पुढून-मागून दोर बांधले, पिठलं-भात केला आणि झोपलो. पहाटे साडेपाचला पत्नीने उठवलं. खिडकीबाहेर काठाऐवजी पाणी होतं. कुणीतरी पहाटेच वेगात पुढे गेलं होतं, त्या ओढीने मागची खुंटी उपटली आणि आमची बोट दार उघडावं तशी फिरून कालव्यात आडवी झाली. खुंट्या मी सरळ ठोकल्या होत्या आणि दोर आखूड, काठाला काटकोनात बांधले होते. खुंटी बोटीपासून दूर झुकलेली हवी आणि दोर पुढे व मागे तिरके जायला हवेत, म्हणजे बोट ओढली गेली तरी दोर तिला आवरतात. काठाला लोखंडी पत्रा असेल तर खुंट्यांच्या भानगडीतच पडू नका. बोटीवर त्या पत्र्यात अडकवायचे आकडे किंवा साखळ्या असतात, त्या वापरा.

दुसऱ्या दिवशी स्टोन आणि मीफर्डचे प्रत्येकी चार लॉक चढलो आणि बार्लस्टनला वेजवुडच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्याजवळून गेलो. इथे दोन मिनिटं थांबून सांगावंसं वाटतं, कारण हा कालवा मुळात कपबश्यांसाठी झाला असं म्हटलं तरी चालेल. जोसाया वेजवुडच्या मालाची घोड्यांच्या पाठीवरून, खड्ड्यांच्या रस्त्यांवरून नेताना फुटून नासाडी व्हायची. पाण्यावरून माल हिसका न बसता जातो. 1766 च्या जुलैत या कालव्याची पहिली कुदळ त्यानेच मारली. अभियंता होता जेम्स ब्रिंडली. वाटेतल्या हेअरकॅसलच्या टेकडीतून रुंद बोगदा खणणं फार खर्चाचं झालं असतं, म्हणून त्याने लॉक सुमारे सात फूट रुंदीचे ठेवले असं मानलं जातं. तुमची बोट 6 फूट 10 इंच रुंद असेल, त्याचं मूळ तिथे आहे. लॉकमध्ये शिरताना दोन्ही बाजूंना वीतभरही जागा उरत नाही तेव्हा ब्रिंडलीची आठवण होते.

स्टोकचे पाच लॉक चढताना मधेच इंजिनाचा आवाज जड झाला, टिलर थरथरू लागला आणि बोट जागच्या जागी घुटमळू लागली. बोटीला पुढे ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात काहीतरी गुंतलं होतं. अशा वेळी लोक इंजिन वाढवून जोर लावतात, त्याने गुंता आणखी घट्ट होतो. बोट काठाला लावा, इंजिन बंद करा, किल्ली काढून ज्याचा हात पाण्यात जाणार त्याच्याच खिशात ठेवा. मागच्या फळ्यांखाली एक घट्ट बसवलेलं झाकण असतं, त्याला वीड हॅच म्हणतात. ते उघडलं की हात थेट पंख्यापर्यंत पोहोचतो. पाणी बर्फासारखं होतं. मेहुण्याने पावाच्या दातेरी सुरीने कापत कापत जे बाहेर काढलं, ती साडी होती. काठ हिरवा, अंग मोतिया, पाच-सव्वापाच मीटर. आमच्या बायका बराच वेळ गप्प होत्या. शहरातून जाणाऱ्या कालव्यात कपडे, गाद्या, तारा, दोर सगळं असतं, पण तो काठ ओळखीचा वाटावा असा होता.

साडी काढायला दीड तास गेला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे झाकण परत बसवणं. ते नीट आवळलं नाही, तर पंखा फिरायला लागताच पाणी उसळून इंजिनाच्या खोलीत शिरतं आणि बोट बुडू शकते. बसवल्यावर इंजिन चालू करून एक मिनिट फळ्या उघड्या ठेवा, कडेने ओल येते का ते डोळ्यांनी बघा, मगच निघा. हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या, म्हणजे 'मला वाटलं तू आवळलंस' असं होणार नाही.

त्या दीड तासाने हेअरकॅसलचा बोगदा हुकला. बोगद्यात एकच बोट मावते, म्हणून दोन्ही टोकांना माणसं असतात आणि ठरावीक वेळातच एका दिशेने बोटी सोडतात. आम्ही पोहोचलो तेव्हा दिवसभराचं सोडणं बंद झालं होतं. वेस्टपोर्ट तळ्यापाशी बोट बांधली. संध्याकाळ सुंदर होती, तळ्यावर हंस होते, आणि मी कोपऱ्यात बसून उद्या किती तास वाढवावे लागतील ते मांडत होतो.

बोगदा स्वतः मात्र तुमच्या नातींना जन्मभर लक्षात राहील. लांबी 2,926 यार्ड, म्हणजे पावणेतीन किलोमीटरला थोडी कमी. जायला साधारण चाळीस मिनिटं. आत सोडण्याआधी तिथला माणूस बोटीचा दिवा आणि भोंगा तपासतो, आत बंद पडलात तर काय करायचं ते सांगतो. पाणी गंजासारखं तांबूस आहे, कारण डोंगरातून लोहखनिज झिरपतं. छत मधे मधे इतकं खाली येतं की टिलरवरच्या उंच माणसाला वाकावं लागतं. शेजारीच ब्रिंडलीच्या मूळ बोगद्याचं बुजलेलं तोंड दिसतं. तो खणायला अकरा वर्षं लागली आणि 1777 मध्ये तो खुला झाला, पण ब्रिंडली 1772 मध्येच गेला होता. त्या बोगद्यात घोड्यासाठी वाट नव्हती. माणसं बोटीवर आडवी पडून भिंतीवर पाय रोवत, चालल्यासारखी बोट पुढे ढकलायची. पुढे थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने तीन वर्षांत दुसरा बोगदा काढला, 1827 मध्ये. तुम्ही त्यातून जाल.

आता मुख्य गोष्ट. बोगद्यापलीकडे कालवा चेशरच्या सपाटीकडे उतरू लागतो. एकामागून एक लॉक, काही ठिकाणी जोडीने शेजारी-शेजारी बांधलेले. बोटवाले या उताराला हार्टब्रेक हिल म्हणतात. आम्ही अर्धा दिवस मागे होतो. तो इथे भरून काढायचा असं मी सकाळी चहा पिताना जाहीर केलं.

लॉक समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला अरुंद खोल हौद. दारांत किंवा दारांजवळच्या जमिनीत झडपा असतात, त्यांना पॅडल म्हणतात. विंडलास नावाचं वाकडं लोखंडी हँडल खुंट्याला लावून फिरवलं की पॅडल वर येतं आणि पाणी वाहू लागतं. उतरताना बोट भरलेल्या हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, वरची पॅडल बंद आहेत याची खात्री करायची आणि खालची पॅडल उघडायची. पाणी खाली जातं, बोटही त्याबरोबर उतरते. दोन्हीकडचं पाणी समान झालं की दार उघडतं. तोपर्यंत दहा पैलवान लावा, हलणार नाही. समान झालं की दाराच्या लांब तुळईला पाठ टेकवून, पायाखालच्या विटांच्या ओळीवर पाय रोवून ढकलायचं. तुमची बारा वर्षांची नात मोठ्यांबरोबर ते सहज करील. ताकदीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. दम लागत असेल तर बहुतेक वेळा आपण पाण्याच्या आधी ढकलत असतो.

वरच्या दाराच्या खाली दगडी किंवा काँक्रीटचा उंबरठा असतो, हौदात काही फूट पुढे आलेला. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. पाणी उतरू लागलं की पाण्याखालून तो वर येतो. बोटीचा मागचा भाग त्याच्यावर राहिला, तर पाणी उतरतं, तोंड उतरतं आणि शेपूट उंबरठ्यावर टांगलेलं राहतं. बोट पुढच्या बाजूला कलते, पुढच्या दारातून पाणी आत येतं. असं होऊन बोटी काही मिनिटांत बुडालेल्या आहेत. उंबरठा कुठवर येतो ते दाखवायला भिंतीवर पांढरी रेघ असते. सुकाणू तिच्या पुढे राहिलं पाहिजे.

आम्ही त्या सकाळी आठवा-नववा लॉक उतरत होतो. हात बसले होते, तोंडं बंद होती, एकेक लॉक बारा मिनिटांत जात होता. मी टिलरवर. मुलगा आणि भाची खालच्या पॅडलवर. मेहुणा पुढचा लॉक तयार करायला निघून गेला होता, म्हणजे वेळ वाचेल. मुलांनी दोन्ही पॅडल एकदम पूर्ण उघडली. बोट रेघेच्या पुढे होती, मी पाहिलं होतं. इंजिन न्यूट्रलमध्ये होतं. बोटीचं तोंड पुढच्या दाराला हलकेच टेकलं आणि ती उलट सरकत मागे आली. नेमकं तेव्हाच पत्नीने आतून चहाचा कप वर दिला आणि तो घ्यायला मी वाकलो.

पायाखालची फळी तिरकी झाली. आधी ते कळलंच नाही. मग आतून ताटं घसरल्याचा आवाज आला आणि मागे दगडावर लोखंड घासल्याचा. मी 'थांबा, थांबा' ओरडलो. मुलं थांबली, म्हणजे हँडल सोडून काय झालं ते बघायला कडेला धावली. पॅडल उघडीच राहिली. पाणी उतरतच होतं. पत्नी आणि मेहुण्याची बायको दोघी आत होत्या.

वाचवलं ते वर चढण्यासाठी खाली थांबलेल्या बोटीवरच्या एका बाईने. सत्तरीच्या असाव्यात. त्या तोवर खालच्या दाराशी पोहोचल्या होत्या. एक शब्दही न बोलता त्यांनी एका बाजूचं पॅडल खाली सोडलं आणि माझ्या मुलाला दुसरं दाखवलं. दोन्ही बंद झाल्यावर पाणी थांबलं. बोट तशीच तिरकी. मग त्या सावकाश चालत वरच्या दाराकडे गेल्या आणि वरचं पॅडल अगदी थोडं, त्याच्या दातेरी दांडीचे चार दात, वर केलं. हौद हळूहळू भरू लागला. तीन-चार मिनिटांनी बोट एका धक्क्याने उंबरठ्यावरून सुटली आणि पाण्यावर आली. पुढच्या खोलीत बादलीभर पाणी, सुकाणू ज्या पट्टीवर बसतं तिला बाक, फुटलेल्या चार बश्या. माणसं सुखरूप. दोन्ही पॅडल अर्धी उघडून सुरुवात केली असती, मेहुणा शेजारी असता आणि मी हातात टिलर धरून इंजिनाने बोट पुढे टेकवून ठेवली असती, तर यातलं काहीच झालं नसतं.

म्हणून तुमच्या घरासाठी मी हे ठरवून देतो. डोक्यावर दोन्ही हात फुली मारून धरले की त्याचा अर्थ एकच: उघडं असलेलं प्रत्येक पॅडल बंद. का, कोणतं, हे विचारायचं नाही. चढताना बोटीचं तोंड दाराच्या तुळईखाली किंवा खोबणीत अडकलं तरी हीच खूण. पाणी थांबलं की विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. टिलरवरच्या माणसाने मान हलवल्याशिवाय एकही पॅडल उघडायचं नाही, आणि लॉकमध्ये चहा नाही, फोन नाही, फोटो नाहीत. मुली लॉकमध्ये बोटीच्या छतावर बसणार नाहीत. बोटीचं वजन पंधरा टनांच्या वर असतं, म्हणून भिंत आणि बोट यांच्यामध्ये हात-पाय घालून तिला थांबवू पाहायचं नाही. हात मोडतो, बोट थांबत नाही. विंडलास खुंट्यावर लटकता ठेवायचा नाही. पॅडल अडवून धरणारी खीळ सुटली तर तो गरगर फिरत उडतो आणि जबडा फोडतो. मुलींना लाइफ जॅकेट पाचही दिवस, बोट बांधलेली असली तरी. कुणी कालव्यात पडलंच तर पहिलं काम इंजिन न्यूट्रलमध्ये टाकणं, आणि त्या माणसाकडे बोट उलटी मुळीच न आणणं. पाणी बहुतेक ठिकाणी कमरेएवढंच असतं. 'उभा राहा' म्हणून ओरडा. खरी भीती फिरत्या पंख्याची असते. लॉकच्या हौदात मात्र पाणी खोल असतं, तिथे पॅडल बंद करून दोर किंवा तरंगती कडी फेकायची.

त्या दिवशी आणखी अर्धा दिवस गेला. बोट कंपनीचा मेकॅनिक आला, पट्टी सरळ करून गेला. त्यानंतर मिडलविचला डावीकडे वळून श्रॉपशर युनियन कालव्यावर आलो आणि ऑडलेमच्या पंधरा लॉकांची चढण लागली. अंधार पडत आला म्हणून गावाजवळ, दोन लॉकांच्या मधल्या पाण्यात बोट बांधली. पहाटे मी पलंगावरून भिंतीकडे घरंगळलो होतो. बाहेर पाहिलं तर कालव्यात पाणीच नव्हतं, चिखल होता, मधून एक ओहोळ, आणि आमची बोट कुशीवर. आमच्यामागे आणखी दोन बोटी तशाच.

नुकत्याच ओलांडलेल्या लॉकवर गेलो. वरचं एक पॅडल दोन बोटं उघडं होतं. झडपेखाली काटकी अडकली होती. भाचीने हँडल फिरवलं होतं, ते थांबलं म्हणजे बंद झालं असं तिला वाटलं, आणि अंधारात मी दांडी किती खाली आली ते पाहायला गेलो नव्हतो. खालची दारं थोडी गळतातच. रात्रभरात सगळं पाणी त्या वाटेने खाली निघून गेलं. शेजारच्या दोन्ही बोटींवर जाऊन मी माफी मागितली. त्यांनी ती मोकळेपणाने स्वीकारली, पण त्यातल्या एका म्हाताऱ्या बोटवाल्याने काटकी काढल्यावर पॅडल पूर्ण वर आणि पूर्ण खाली असं तीनदा मला करायला लावलं. मग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टला फोन केला. 2012 पासून इंग्लंड-वेल्समधले सुमारे 2,000 मैल कालवे-नद्या हीच संस्था सांभाळते. त्यांचा माणूस आला, वरच्या लॉकमधून मोजून पाणी सोडलं, दहा वाजेपर्यंत बोटी तरंगल्या. तुमच्यावर ही वेळ आली तर स्वतः वरून पाणी सोडू नका. वरचा पट्टा रिकामा होतो आणि त्रास तिघांऐवजी दहा जणांना होतो.

एका पॅडलचं महत्त्व इतकं कशाला, असं वाटत असेल तर 2018 चा मार्च आठवा. आम्ही ज्या मिडलविच शाखेवरून गेलो, तिथे बांध फुटून कालवा व्हीलॉक नदीत वाहून गेला. लॉकची पॅडल उघडी राहिल्याने पाणी बांधावरून वाहू लागलं, असं ट्रस्टने तेव्हा सांगितलं. कित्येक बोटी अडकल्या आणि तो मार्ग डिसेंबरपर्यंत बंद राहिला. म्हणून मी लॉकवर उभा असताना हसतमुख मंडळींनाही परत बोलावतो आणि दांडी पूर्ण खाली आली का ते दाखवतो. कुणाला राग येतो. येऊ दे.

श्रॉपशर युनियनचं पुढचं वर्णन मी आखडतं घेतो, कारण आम्ही ते नीट पाहिलंच नाही. वुडसीव्हजची खोल, फर्नने हिरवी झालेली खिंड आम्ही पावसात, घड्याळाकडे बघत ओलांडली. शेलमोरचा बांध टेलफर्डला वर्षानुवर्षं छळत राहिला. तो पुन:पुन्हा घसरायचा, आणि कालवा 1835 मध्ये खुला झाला तेव्हा टेलफर्ड हयात नव्हता. आम्ही त्या बांधावरून गेलो तेव्हा मी नकाशात पुढचे तास मोजत होतो. शेवटच्या दिवशी पहाटे साडेपाचला निघून रात्री आठला पोहोचलो. मुलगा आणि भाची कोचवर बसल्या बसल्या झोपली होती.

तर तुम्ही काय करा? ग्रेट हेवुडच्या परिसरातून बोट घ्या आणि ट्रेंट अँड मर्सीने स्टोकच्या पाच लॉकांवरच्या एट्रुरियापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत या. एका दिशेने साधारण 19 मैल आणि 18 लॉक, म्हणजे बारा-साडेबारा तास. जाऊन-येऊन पंचवीस तास, रोज पाच. त्याच वाटेने परतणं कंटाळवाणं होईल ही भीती बाळगू नका. चढताना तुम्ही लॉक शिकता, उतरताना देखावा पाहता. सुरुवातीला जाताना चढण आहे हेही बरं, कारण उंबरठ्याचा धोका उतरताना असतो, आणि तोवर तुमचे हात तयार झालेले असतील. बोट वळवायच्या रुंद जागा नकाशावर खुणेने दाखवलेल्या असतात. तिथे तुमच्या बोटीची लांबी मावते का ते निघण्यापूर्वी कंपनीला विचारा. पहिल्या दिवशी तीन तासांच्या पुढे जाऊ नका. स्टोनला एक दुपार ठेवा, गाव कालव्याच्या काठावरच वाढलेलं आहे. बार्लस्टनला वेजवुडमध्ये नातींना मातीची भांडी होताना दाखवा. चौथ्या दिवशी काही बिघडलंच, तर पाचव्या दिवसात ते मावेल. हेअरकॅसलचा बोगदा बघायचाच असेल, तर एट्रुरियाहून त्याचं तोंड तासा-दीड तासावर आहे. गाडीने किंवा काठावरच्या वाटेने चालत जाऊन बघून या.

भाड्याची बोट चालवायला तुम्हाला परवाना लागत नाही. ताबा देताना कंपनीचा माणूस तासभर समजावतो, ते सगळ्यांनी ऐका, एकट्या मुलाने नाही. शक्य असेल तर मोबाइलवर चित्रित करून ठेवा. पहिल्या लॉकपर्यंत त्यांच्यापैकी कुणी बरोबर येईल का ते विचारा, पुष्कळ जण येतात. रोज सकाळी इंजिन चालू करण्याआधी तेल पाहायचं, पंख्याच्या दांड्याला ग्रीस देणारी चावी एक-दोन वेळा फिरवायची, झाकण घट्ट आहे का बघायचं. पाण्याची टाकी दर दोन दिवसांनी भरा. पाण्याच्या आणि सोयींच्या ठिकाणांना वॉटरमेट नावाची किल्ली लागते, ती बोटीवर आहे ना ते निघताना तपासा. मे महिन्यातही रात्री गारठा असतो, शेगडी पेटवाल, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का ते बटण दाबून पाहा आणि हवा खेळायची जाळी कापडाने बुजवू नका.

विंडलास दोन मिळतात, तिसरा मागून घ्या. एक तरी कालव्यात पडतोच. दोराला बांधलेलं जड चुंबक विकत मिळतं, त्याने तो परत काढता येतो. नऊ वर्षांच्या नातीला हे काम भारी आवडेल. तारखा नक्की झाल्या की कळवा. मी त्या आठवड्यात मीफर्डच्या लॉकवर असायचा प्रयत्न करीन.